रेंज गेल्यावर काय उरते?

धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना दापोलीजवळच्या मुरूडहून साताऱ्याला चालत गेले. भर पावसाळ्यात, सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांहून जास्त. साताऱ्याला मराठी सहावीची परीक्षा होती आणि ती पास झाली की सरकारी नोकरीची वाट मोकळी होत असे. समितीने मुलाकडे पाहिले. अंगकाठी किरकोळ, चेहरा कोवळा. हा सतरा वर्षांचा वाटत नाही, असे म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. त्याला येते काय, ही चौकशी झालीच नाही. पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढणाऱ्या माणसाची ही परीक्षा अशी दारातच संपली.

कर्व्यांच्याच रत्नागिरी जिल्ह्यात आज शिक्षकांना तंत्रज्ञान किती येते, हे मोजण्याचा विषय निघतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी. वय पाहून 'या गुरुजींना मोबाइल काय कळणार' म्हणणे सोपे असते. भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून 'या बाई तंत्रस्नेही' म्हणणे तितकेच सोपे. दोन्ही वेळा आपण चेहराच पाहिलेला असतो. मग शिक्षकाला खरेच काय येते आणि त्याला पुढे काय शिकायला हवे, हे शोधायचे कसे? त्याची एक रीत आहे. ती पायरीपायरीने पाहू.

आजवर काय मोजले गेले

महाराष्ट्रात संगणकसाक्षरता म्हणजे एमएस-सीआयटी, हे समीकरण २००१पासून रुजले. सरकारी नोकरीत संगणक-अर्हता वेतनवाढीशी जोडली गेली, त्यामुळे शिक्षकांनी ती मिळवली. त्या अभ्यासक्रमाने अनेकांची माउसची भीती घालवली, हे खरेच. पण पत्र टाइप करता येणे वेगळे आणि तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी समजावताना संगणकाची मदत घेता येणे वेगळे.

नंतर जून २०१५मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्याचा कार्यक्रम आला आणि त्या काळात 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द शाळाशाळांत पोहोचला. सप्टेंबर २०१७मध्ये 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले. २०२०मध्ये टाळेबंदी लागली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येऊ लागला आणि ज्यांनी कधी व्हिडिओ कॉल केला नव्हता, त्यांनी महिन्याभरात ऑनलाइन वर्ग घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम त्यामुळे जगापुढे गेले.

एवढे झाल्यावर शिक्षकांना तंत्रज्ञान येत नाही, असे कोण म्हणेल? विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि 'अतितात्काळ' शिक्क्याने आलेली लिंक. हे सगळे शिक्षक मोबाइलवरच भरतात. खरी गोम इथेच आहे. कार्यालयाला हवे ते तंत्रज्ञान त्यांच्या हातात बसले. वर्गाला हवे ते बसले का, हे मात्र पाहिले गेले नाही.

मोजायचे काय

युनेस्कोने शिक्षकांसाठी तंत्रज्ञान-क्षमतांचा एक आराखडा केला आहे. पहिली आवृत्ती २००८ची, तिसरी २०१८ची. त्यात कामाची सहा अंगे आहेत: शिक्षणाचे धोरण समजणे, अभ्यासक्रम व मूल्यमापन, शिकवण्याच्या पद्धती, डिजिटल कौशल्यांचा वापर, शाळेचे व्यवस्थापन आणि स्वतःची व्यावसायिक वाढ. प्रत्येक अंगाच्या तीन पायऱ्या: आधी ज्ञान मिळवणे, मग ते खोल करणे, मग नवे निर्माण करणे. सहा गुणिले तीन, अशा अठरा क्षमता. यंत्र चालवण्याचे कौशल्य हे त्या सहांतले फक्त एक अंग आहे, हे ध्यानात ठेवायचे.

दुसरा उपयोगी विचार पुण्य मिश्र आणि मॅथ्यू केलर यांचा. मिश्र मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. ली शुलमन यांनी १९८६मध्ये दाखवले होते की विषय येणे आणि तो शिकवता येणे यांच्यामध्ये एक वेगळेच ज्ञान असते, आणि तेच शिक्षकाचे खास भांडवल. मिश्र-केलर यांनी २००६मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. विषय, शिकवण्याची हातोटी आणि तंत्र ही तीन वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात, तेवढी जागा वर्गाच्या कामाची. तीन वर्तुळे वेगवेगळी मोजून बेरीज केली, तर ती जागा सापडत नाही. ती शिक्षक शिकवत असतानाच दिसते.

पायरी पहिली: स्वतःची नोंद

सुरुवात शिक्षकाने स्वतःच करायची, पण प्रश्न नीट हवेत. 'तुम्हाला सादरीकरण तयार करता येते का? उत्तम / बरे / थोडे / नाही' असा तक्ता दिला, की उत्तरे स्वभावाप्रमाणे येतात. धीट माणूस 'उत्तम'वर खूण करतो, भिडस्त माणूस 'थोडे'वर. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर या मानसशास्त्रज्ञांचा १९९९चा अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्यांना एखादे काम कमी जमते, त्यांना आपल्याला किती कमी जमते याचाही अंदाज नसतो, असे त्यांना आढळले. असा तक्ता हेच दाखवणार.

म्हणून 'येते का' याऐवजी 'केले का' विचारावे, आणि मुदत घालावी. 'गेल्या महिन्यात मी वर्गात दृकश्राव्य साहित्य किती वेळा वापरले?' 'शेवटचे वापरले, तेव्हा कोणत्या इयत्तेला, कोणत्या घटकासाठी?' 'अडले, तेव्हा कोणाला विचारले?' तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे. दहा शिक्षकांनी एकाच सहकाऱ्याचे नाव लिहिले, तर केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, त्याचा प्रशिक्षक आयता सापडला.

अशी नोंद एका पानात मावते आणि पंधरा मिनिटांत होते. त्याहून लांब केली, तर ती आणखी एक 'अतितात्काळ' लिंक होऊन बसते.

पायरी दुसरी: करून दाखवणे

आता नोंद पडताळायची. त्यासाठी केंद्रातली मासिक शिक्षण परिषद ही जागा चांगली. दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात, केंद्रप्रमुख असतात, आणि एकमेकांच्या घरची लग्नकार्येही एकमेकांना ठाऊक असतात. तिथे तीन छोटी कामे द्यावीत.

पहिले काम: पाठ्यपुस्तकातला कोणताही क्यूआर कोड दीक्षावर उघडा, त्यातले साहित्य फोनमध्ये उतरवून घ्या, मग फोन विमान-मोडवर टाका आणि ते चालवून दाखवा. इतकेच. रत्नागिरी जिल्ह्यात हे काम म्हणजे खरी कसोटी आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, डोंगराच्या कुशीतल्या वाड्या, आणि वाडीतली एक किंवा दोन शिक्षकांची शाळा. जुलैत झाड पडून तार तुटली की लाइट जाते, मागोमाग टॉवरही झोपतो. जून २०२०च्या 'निसर्ग' वादळानंतर दापोली-मंडणगडने हा अंधार भरपूर अनुभवला. ज्या शिक्षकाचे तंत्रज्ञान रेंज असेपर्यंतच चालते, त्याचे तंत्रज्ञान इथे वर्षातले काही महिने बंदच असते. विमान-मोडची ही साधी युक्ती सभागृहातही वाडीतल्या शाळेचा पाऊस आणते.

दुसरे काम निवडीचे. एकाच घटकावरचे दोन व्हिडिओ दाखवायचे. एक सात मिनिटांचा, रंगीत, संगीतासह. दुसरा दोन मिनिटांचा, साधा. 'तिसरीसाठी कोणता घ्याल आणि का?' उत्तर कोणतेही असो, कारण ऐकायचे. 'पोरांना मजा येते' हे एक कारण. 'यातली भाषा आमच्या पोरांना कळणार नाही, संगमेश्वरी बोलणारी आहेत. मी आवाज बंद करून स्वतः सांगेन' हे दुसरे. दुसरे उत्तर देणाऱ्या बाईंना कदाचित सादरीकरणात चित्र घालता येत नसेल. पण तीन वर्तुळे जिथे एकत्र येतात, तिथे त्या उभ्या आहेत.

तिसरे काम सांभाळण्याचे. मुलांचे फोटो, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल क्रमांक असलेली यादी समोर ठेवायची आणि विचारायचे, 'ही गटावर टाकाल का?' ओटीपी मागणारा फोन आला तर काय कराल, हेही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. सर्वांत जास्त माहिती शिक्षकांच्या हातून जाते, म्हणून ही जाण कौशल्यांच्या यादीत वरच हवी.

पायरी तिसरी: न जमण्याचे कारण

इथे बहुतेक मूल्यमापने घसरतात. 'जमले नाही' असे लिहिले, की पुढचा शब्द आपोआप 'प्रशिक्षण' येतो. त्याऐवजी एक कागदावरचे उदाहरण सोडवून पाहू. आकडे समजण्यापुरते, मनाने घेतलेले.

समजा, एका केंद्रात २६ शिक्षक आहेत. विमान-मोडचे काम १५ जणांना जमले, ११ जणांना नाही. नेहमीच्या रीतीने या अकरा जणांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला तालुक्याला पाठवले जाईल आणि तीन दिवस अकरा शाळांपैकी काही शाळा एका शिक्षकावर चालतील. पण थांबून प्रत्येकाला विचारले. तिघांच्या फोनची जागा फोटो आणि व्हॉट्सॲपने भरलेली, नवे काही उतरतच नाही. एकाचा फोन इतका जुना की ॲप उघडता उघडता बंद पडते. चौघांच्या शाळेत रेंज नाही. घरी उतरवून शाळेत न्यायचे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते. दोघांना उतरवण्याचे बटण सापडले नाही. आणि एक गुरुजी स्पष्टच म्हणाले, "येतंय सगळं. पण फळ्यावर जे होतंय ते मोबाइलवर कशाला?"

आता हिशोब मांडा. पहिल्या चौघांचा प्रश्न साधनाचा. शाळेला एक टॅबलेट किंवा मेमरी कार्ड मिळाले की सुटेल. सहा जणांचा प्रश्न वीस मिनिटांचा; चहाच्या आधी शेजारच्या सहकाऱ्याने दाखवले की झाले. शेवटच्या गुरुजींना पटवून द्यायची गरज आहे आणि ती भाषणाने भागणार नाही. त्यांना असा एखादा पाठ पाहायला मिळायला हवा, जिथे फळा खरेच अपुरा पडतो. किंवा कदाचित त्यांचेच बरोबर असेल आणि त्या घटकाला फळाच पुरेसा असेल. तीन दिवसांचे प्रशिक्षण या अकरांतल्या कुणालाच नको होते.

पायरी चौथी: वर्गात बसणे

मग गरज कोणाला? त्यासाठी जमलेल्या पंधरा जणांच्या वर्गात जाऊन बसायला हवे. काय दिसते, हे एका काल्पनिक वर्गातून पाहू.

संगमेश्वर तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी एकत्र, अकरा मुले. बाईंनी फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा केला आहे, त्याला छोटा स्पीकर जोडला आहे. पाण्याच्या प्रवासाचा व्हिडिओ लागतो. समुद्र, वाफ, ढग, पाऊस. पाच मिनिटे मुले अगदी गप्प. व्हिडिओ संपतो, बाई विचारतात, "कळलं?" सगळी एका सुरात, "हो बाई!" पाठ संपला. तपासणीच्या रकान्यात 'तंत्रज्ञानाचा वापर: होय'.

दुसऱ्या वाडीत तोच व्हिडिओ. इथल्या गुरुजींनी वाफ वर जाताना दिसली, तिथे बोट ठेवून तो थांबवला. "मे महिन्यात आपल्या पऱ्ह्यातलं पाणी कुठं जातं रे?" एक मुलगा म्हणतो, आटतं. दुसरी म्हणते, गुरं पितात. तिसरा म्हणतो, खाली नदीला जातं. गुरुजी तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहितात आणि विचारतात, "आटतं म्हणजे जातं कुठं?" आता मुले पुढचा व्हिडिओ उत्तर शोधायला पाहतात. तो संपेपर्यंत बारा मिनिटे गेली, फोन चार वेळा थांबला.

यंत्राच्या कौशल्यात दोघांत तिळमात्र फरक नाही. सभागृहातल्या कसोटीत दोघेही पास. पण शिकण्याची गरज पहिल्या बाईंना आहे, आणि ती गरज उतरवण्याच्या बटणाची नसून थांबवण्याच्या बटणाची आहे: कुठे थांबायचे, काय विचारायचे, उत्तरांचे काय करायचे. आपल्या उदाहरणातल्या पंधरांपैकी नऊ जण व्हिडिओ सुरू करून शेवटपर्यंत चालवत असतील, तर केंद्राची सर्वांत मोठी गरज पास झालेल्यांच्या यादीत दडली होती. कागदी कसोटीवर थांबलो असतो, तर हाती लागली नसती.

वर्गात बसणाऱ्याने मोजायच्या गोष्टीही साध्याच: साहित्य किती वेळा थांबले, मुलांनी किती प्रश्न विचारले, मागच्या ओळीतल्या मुलाला पडदा दिसत होता का, आणि लाइट गेली असती तर पाठ पुढे कसा गेला असता.

पायरी पाचवी: गरजेप्रमाणे शिकवणे

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास सगळ्यांना एकाच मापाने वाटले, तर वाया जातात. वरच्या मोजणीतून त्यांची वाटणी आपोआप होते.

बटणांचा प्रश्न शाळेच्या पातळीवर, जोडीने. निवडीचा आणि सांभाळण्याचा प्रश्न शिक्षण परिषदेत, दर महिन्याला अर्धा तास, एक घटक घेऊन. ज्यांना सैद्धांतिक पाया हवा, त्यांना दीक्षावर 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे अभ्यासक्रम आहेत. ऑगस्ट २०१९मध्ये प्रत्यक्ष सुरू झालेला हा कार्यक्रम साथीच्या काळात ऑनलाइन आला. आणि थांबवण्याच्या बटणाचा प्रश्न जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने हाती घ्यावा. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर या संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिल्या, त्या शिक्षकाच्या जवळ जाऊन काम करण्यासाठीच. पाठ सोबत आखायचा, सोबत घ्यायचा, नंतर बसून बोलायचे. व्याख्यान ऐकून ही हातोटी येत नाही, जशी पुस्तक वाचून होडी वल्हवता येत नाही.

शेवटच्या पातळीवर काहीतरी घडवणारे शिक्षक येतात. पहिलीतल्या मुलांसाठी स्वतःच्या आवाजात, त्यांच्या बोलीत गोष्ट ध्वनिमुद्रित करणारी एखादी बाई. तिला प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावू नये. तिला शिकवायला बोलवावे आणि ते तास तिच्या ५०मध्ये धरावेत.

पायरी सहावी: पुन्हा पाहणे

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पातळ्या सांगितल्या: आवडले का, शिकले का, कामात बदल झाला का, आणि त्याचा परिणाम दिसला का. आपल्याकडे शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद भरून घेतात, ती पहिली पातळी. जेवण चांगले होते, हेही त्यात येते. ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या शेवटची चाचणी ही फार तर दुसरी. तिसरीसाठी त्याच वर्गात पुन्हा जाऊन बसावे लागते.

त्याचे वेळापत्रक कोकणाच्या चालीने ठरवावे. जूनमध्ये प्रवेश आणि पुस्तके असतात, तेव्हा कुणाला मोजू नये. स्वतःची नोंद जुलैत. ऑगस्टच्या शिक्षण परिषदेत तीन कामे. गणपती झाले, मुंबईकर परत गेले, की वर्गभेटी. दिवाळीनंतर जोडीने शिकणे. आणि शिमग्याच्या आधी त्याच पंधरा वर्गांत दुसरी भेट, त्याच चार नोंदींसह. पहिल्या भेटीत व्हिडिओ एकदाही थांबला नव्हता आणि आता तीनदा थांबतो, तर काहीतरी घडले.

या सगळ्याला एक अट आहे. मोजणीचा कागद गोपनीय अहवालाला जोडायचा नाही, वेतनवाढीला तर नाहीच. तो जोडला, की शिक्षक न येणारे लपवतात, आणि ते साहजिक आहे. मग नोंदीत सगळे उत्तम, वर्गात होते तेच. कागद शिक्षकाकडे राहावा, प्रत केंद्रप्रमुखांकडे. वर जायचेच असेल, तर नावे काढून फक्त आकडे जावेत: किती जणांना साधन हवे, किती जणांना सोबत.

त्या कागदावर रकाने चारच पुरतात: काय करून पाहिले, कुठे अडले, का अडले, आणि पुढचे पाऊल कोणासोबत, कधी. पहिले तीन रकाने भरून चौथा कोरा राहिला, तर आपण त्या शिक्षकाचा चेहरा तेवढा पाहून त्याला साताऱ्याच्या दारातून परत पाठवले, असे समजावे.